प्रमाण आणि परिमाण : आय. एस. ओ. १४००१ या मानकाच्या भाषेचा विचार

एखाद्या ग्रंथाचे वाचक किती, यावरून त्याची योग्यता ठरत नाही हे खरे. तथापि जो ग्रंथ लाखो कारखान्यांत, रुग्णालयांत आणि कचेऱ्यांत आज्ञेप्रमाणे पाळला जातो, त्याच्या भाषेकडे भाषेच्या अभ्यासकांनी अगदीच पाठ फिरवावी, हेही युक्त नव्हे. पर्यावरण-व्यवस्थापनाविषयीचे आय. एस. ओ. १४००१ हे आंतरराष्ट्रीय मानक अशा ग्रंथांपैकी एक होय. २०२२ साली या मानकाची पाच लाखांहून अधिक प्रमाणपत्रे जगभर अस्तित्वात होती. व्यवस्थापनशास्त्रात आणि अर्थशास्त्रात त्याची चर्चा विपुल झाली आहे. परंतु त्याच्या सामर्थ्याचे आणि मर्यादांचे मूळ त्याच्या क्रियापदांत सापडते, ही गोष्ट मराठीत तरी फारशी विचारात घेतलेली दिसत नाही.

मानकाचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. ब्रिटिश मानक संस्थेने १९९२ साली बी. एस. ७७५० हे मानक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी जूनमध्ये रिओ दि जानेरो येथे पर्यावरण व विकास या विषयावरील राष्ट्रसंघाची परिषद भरली. पुढच्या वर्षी जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २०७ क्रमांकाची तांत्रिक समिती नेमली, आणि सप्टेंबर १९९६ मध्ये १४००१ची पहिली आवृत्ती निघाली. दुसरी आवृत्ती २००४ची, तिसरी २०१५ची. मानक स्वीकारणे ऐच्छिक आहे. अर्थात् ‘ऐच्छिक’ हा शब्द येथे जरा जपूनच वापरला पाहिजे. १९९९ साली फोर्ड आणि जनरल मोटर्स या अमेरिकन कंपन्यांनी आपल्याला माल पुरविणाऱ्यांना हे प्रमाणपत्र मिळविण्यास सांगितले, तेव्हा त्या पुरवठादारांच्या इच्छेला किती वाव उरला असेल, हे सांगावयास नको.

ऐच्छिक असलेला हा ग्रंथ आतून मात्र आज्ञांनी भरलेला आहे. इंग्रजी पाठात ‘शॅल’ हे साहाय्यक क्रियापद पानोपानी येते. इतकेच नव्हे, तर कोणत्या साहाय्यक क्रियापदाचा कोणता अर्थ घ्यावयाचा, हे २०१५च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेतच सांगितले आहे : ‘शॅल’ म्हणजे आवश्यकता, ‘शुड’ म्हणजे शिफारस, ‘मे’ म्हणजे परवानगी आणि ‘कॅन’ म्हणजे शक्यता अथवा क्षमता. एखाद्या ग्रंथाने आपल्या भाषेचे व्याकरण आरंभीच बांधून द्यावे, ही गोष्ट शास्त्रग्रंथांच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला ओळखीची वाटेल. मीमांसकांनी विधिवाक्य आणि अर्थवाद यांच्यात जो भेद केला, त्याच्याशी या भेदाचे दूरचे नाते आहे. कोणते वाक्य कर्त्याला बांधते आणि कोणते केवळ समजावते, हाच दोन्हीकडचा प्रश्न.

हा भेद मराठीत उतरवावयाचा म्हटले, की अडचण उभी राहते. ‘संस्थेने धोरण ठरवावे’ हे वाक्य आज्ञा की सल्ला? मराठीतील विध्यर्थ कर्तव्यही सांगतो, योग्यताही सांगतो, इच्छाही सांगतो. ‘पाहुण्यांनी आता जेवावे’ आणि ‘आरोपीने उद्या हजर राहावे’ या दोन वाक्यांत क्रियापदाचे रूप एकच. बंधन किती, हे बोलणाऱ्याच्या अधिकारावरून ठरते. म्हणजे ‘शॅल’ आणि ‘शुड’ यांच्यातली जी भिंत मूळ पाठात जाणीवपूर्वक बांधलेली आहे, ती ‘-वे’ या प्रत्ययात आपोआप कोसळते. कायद्यांच्या मराठी अनुवादकांनी ‘शॅल’साठी भविष्यकाळ वापरला : ‘मंडळ अशी नोंदवही ठेवील.’ त्यात अधिकाराचा स्वर आहे, पण तो स्वर राजसत्तेचा आहे. ज्या ग्रंथामागे राजसत्ता नाही, त्यात ‘संस्था धोरण ठरवील’ असे लिहिले, तर ती आज्ञा न वाटता भाकीत वाटण्याचा संभव अधिक. ‘ठरविले पाहिजे’ हे रूप त्यातल्या त्यात बरे. फ्रेंच पाठात ही अडचण नाही. तेथे बंधनासाठी ‘द्वा’ आणि शिफारशीसाठी ‘इल काँव्हिएँ’ अशी दोन निराळी क्रियापदे योजलेली आहेत.

परंतु क्रियापदाचा अर्थ निश्चित झाला, तरी त्याचे कर्म काय, हा प्रश्न उरतोच, आणि या मानकाचे खरे स्वरूप कर्मांतच प्रकट होते. संस्थेने काय केले पाहिजे? व्यवस्था प्रस्थापित केली पाहिजे, ती राबविली पाहिजे, टिकविली पाहिजे. पर्यावरणाशी संबंध येणारी आपल्या कामाची अंगे निश्चित केली पाहिजेत. उद्दिष्टे ठरविली पाहिजेत. नोंदी जपून ठेवल्या पाहिजेत. अंतर्गत तपासणी केली पाहिजे. वरिष्ठ व्यवस्थापनाने आढावा घेतला पाहिजे. ही सर्व कर्मे संस्थेच्या आतली आहेत. ‘कमी करणे’ हे क्रियापद ग्रंथात नाही असे नव्हे. पण ते आणीबाणीच्या प्रसंगी, एखादी त्रुटी निस्तरताना, अथवा एखाद्या गौण वाक्यांशात येते. धूर किती कमी करावयाचा, सांडपाण्यात काय किती असावयाचे, याविषयी मानक एक आकडाही सांगत नाही. हे मौन अनवधानाचे नव्हे. सारखेच काम करणाऱ्या दोन संस्थांची पर्यावरणविषयक कामगिरी भिन्न असली, तरी त्या दोन्ही मानकाला अनुसरणाऱ्या ठरू शकतात, असे पहिल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेने स्वच्छपणे मान्य केले होते. २०१५च्या आवृत्तीतही ही कबुली थोड्या निराळ्या शब्दांत आहे. हा प्रामाणिकपणा मानकाच्या टीकाकारांनी पुरेसा ओळखलेला नाही, आणि त्याच्या प्रचारकांनी तर तो सहसा उच्चारलेलाच नाही.

येथे मराठीतील एका शब्दाची आठवण होणे अपरिहार्य आहे. ‘प्रमाण’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. न्यायशास्त्रातून आलेला अर्थ यथार्थ ज्ञानाचे साधन, म्हणजे पुरावा. आणि व्यवहारातला अर्थ मात्रा, परिमाण. ‘वेदप्रमाण’मधील प्रमाण निराळे, आणि भाजीतील मिठाचे प्रमाण निराळे. प्रमाणपत्र पाहणारा सामान्य मराठी वाचक या दोन अर्थांची गल्लत करतो, कारण त्याची भाषाच त्याला तसे करावयास शिकविते. ज्याच्याजवळ प्रमाणपत्र, त्याचे प्रदूषणाचे प्रमाण कमी, असे तो गृहीत धरतो. वस्तुतः मानक पहिल्या अर्थाचे प्रमाण देते, दुसऱ्या अर्थाचे देत नाही. व्यवस्था अस्तित्वात आहे आणि ती चालते, एवढाच त्याचा पुरावा.

मानकाच्या २०१५च्या आवृत्तीला जोडलेल्या मार्गदर्शक परिशिष्टात समानार्थी वाटणाऱ्या काही शब्दांचा उलगडा केलेला आहे, आणि संपूर्ण ग्रंथात भाषाभ्यासकाला सर्वांत अधिक काही देणारी हीच पाने आहेत. ‘कंटिन्युअल’ आणि ‘कंटिन्युअस’ हे शब्द एक नव्हेत : पहिला मध्ये खंड पडू देतो, दुसरा देत नाही, आणि सुधारणेला लावावयाचा तो पहिला. ‘कन्सिडर’ म्हणजे विषयाचा विचार केलाच पाहिजे, पण तो शेवटी वगळता येईल. ‘टेक इन्टू अकाउंट’ म्हणजे विचार केला पाहिजे आणि वगळता येणार नाही. ‘ॲप्रोप्रिएट’मध्ये काही स्वातंत्र्य आहे; ‘ॲप्लिकेबल’मध्ये, करता येण्यासारखे असेल तर ते केलेच पाहिजे, असा भाव आहे. तांत्रिक ग्रंथकारांनी शब्दांच्या छटांची इतकी काळजी घ्यावी, हे कौतुकास्पद आहे. मात्र ही काळजी कोणासाठी घेतली आहे, हेही पाहिले पाहिजे. तीन जोड्यांपैकी प्रत्येकीत एक शब्द कर्त्याला बांधतो आणि दुसरा त्याला वाट ठेवतो. आणि ग्रंथाच्या केंद्रस्थानी असलेल्या सुधारणेच्या कल्पनेला विशेषण मिळाले आहे, ते वाट ठेवणारे. वास्तव पाहता हे रास्तही आहे. कोणताही कारखाना एका क्षणाचाही खंड न पडता सुधारत राहू शकत नाही, आणि अशक्य ते लिहून घेण्यापेक्षा शक्य ते लिहून घेणे शहाणपणाचे. आक्षेप आहे तो या विशेषणाच्या पुढच्या प्रवासाला.

तो प्रवास कारखान्याच्या फाटकापर्यंतचा. संस्थेने आपले पर्यावरण-धोरण लिहून ठेवले पाहिजे आणि ते आपल्या माणसांना कळविले पाहिजे, असे मानक सांगते. कामगार मराठी असतील तर ते मराठीत कळविणे क्रमप्राप्तच ठरते, आणि म्हणून महाराष्ट्रातील औद्योगिक वसाहतींत मराठी धोरणफलक दृष्टीस पडतात. त्यांची भाषा आता जवळजवळ ठरून गेली आहे. ‘आम्ही पर्यावरणाच्या रक्षणासाठी कटिबद्ध आहोत’, ‘सातत्यपूर्ण सुधारणा’, ‘निरंतर सुधारणा’ हे प्रयोग वाचणाऱ्याला पाठ होतील इतके परिचित आहेत. आता ‘निरंतर’ म्हणजे ज्यात अंतर नाही ते. ‘सातत्य’ हे ‘सतत’चे भाववाचक नाम, आणि ‘सतत’ म्हणजे न थांबता. मूळ ग्रंथाने परिशिष्टात मुद्दाम सांगून जो अर्थ बाजूला ठेवला, नेमका तोच मराठी फलकाने स्वीकारला आहे. दोष एकट्या मराठीचा नाही. फ्रेंच पाठातही सुधारणेला अखंडतेचेच विशेषण लागलेले आहे. तरीही परिणाम चमत्कारिक आहे. इंग्रजी वाचणारा लेखापरीक्षक जे वचन तपासतो, त्याहून मोठे वचन मराठी वाचणारा कामगार फाटकावर वाचतो. पुढे एखादा उभा राहून विचारू लागला, की ‘तुम्ही निरंतर म्हणालात ना?’, तर त्याच्यापुढे इंग्रजी परिशिष्ट ठेवण्यात येईल.

‘कटिबद्ध’ या शब्दाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. कटी म्हणजे कंबर. कंबर बांधून सज्ज झालेला तो कटिबद्ध. संस्कृतातून आलेल्या या शब्दाला वीररसाचा वास आहे, आणि म्हणूनच तो सरकारी व कंपनीच्या मराठीत इतका लोकप्रिय झाला असावा. पण कंबर बांधलेला मनुष्य अजून घरातून निघालेला नसतो, हे विसरून चालणार नाही. मूळ पाठात धोरणाने जी ग्वाही द्यावयाची, ती तीन गोष्टींची : पर्यावरणाचे संरक्षण, कायदेशीर व इतर बंधनांची पूर्तता आणि व्यवस्थेत सुधारणा. त्यांपैकी दुसरीसाठी ‘कटिबद्ध’ हा शब्द तर अगदीच अयोग्य आहे. कायदा पाळण्यासाठी कंबर बांधावी लागत नाही. तो पाळावयाचाच असतो.

याहून सूक्ष्म गोष्ट सर्वनामाची. मानक तृतीय पुरुषात लिहिलेले आहे. त्याचा कर्ता ‘संस्था’. धोरण मात्र बहुधा प्रथम पुरुषात लिहिले जाते, आणि इंग्रजीतील ‘वुई’ मराठीत येताना त्याला निवड करावी लागते : ‘आम्ही’ की ‘आपण’? ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. मराठी फलकांनी एकमताने ‘आम्ही’ निवडले आहे. इंग्रजी ज्याचा निर्णय करीत नाही, त्याचा निर्णय मराठीने असा न बोलता करून टाकला. फाटकाच्या आत काम करणारा त्या ‘आम्ही’त मोडतो की नाही, याविषयी वाद होऊ शकेल, फाटकाबाहेर, नाल्याच्या खालच्या अंगाला राहणारा त्यात निश्चित मोडत नाही.

त्या बाहेरच्या माणसाचे मानकात स्थान काय? १९९६ आणि २००४ या दोन्ही आवृत्त्यांत धोरण ‘जनतेला’ उपलब्ध असले पाहिजे, असे होते. २०१५च्या आवृत्तीत ‘जनता’ गेली आणि तेथे ‘संबंधित पक्ष’ आले. संबंधित पक्षाची व्याख्या उदार आहे, हे कबूल केले पाहिजे. संस्थेच्या निर्णयाची बाधा आपल्याला पोहोचते असे ज्याला नुसते वाटते, तोही तिच्यात बसतो. पण जनतेला आपला संबंध सिद्ध करावा लागत नव्हता, पक्षाला करावा लागतो. शिवाय व्यवस्थेच्या दृष्टीने कोणते पक्ष दखलपात्र, हे निश्चित करण्याचे काम ग्रंथाने संस्थेकडेच दिलेले आहे. २००४च्या आवृत्तीतील आणखी एक कलम या संदर्भात पाहण्यासारखे आहे. आपल्या कामाच्या महत्त्वाच्या पर्यावरणीय अंगांविषयी बाहेर काही सांगावयाचे की नाही, हे संस्थेने ठरविले पाहिजे, आणि तो निर्णय लिहून ठेवला पाहिजे, असे ते कलम होते. वाक्यातील बंधन पूर्ण आहे. त्यात ‘शॅल’ दोनदा येते. पण बंधन सांगण्याचे नाही, ठरविण्याचे आहे. ‘सांगावयाचे नाही’ असे ठरवून, त्याची नोंद करून, संस्था हे कलम तंतोतंत पाळू शकत होती.

यावर एक प्रतिपक्ष संभवतो, आणि तो दुबळा नाही. चामड्याचा कारखाना, बँक आणि महाविद्यालय या सर्वांना लागू पडणारा ग्रंथ आकडे सांगणार तरी कसा? आकडे सांगणे कायद्याचे काम. भारतात १९८६च्या पर्यावरण संरक्षण नियमांच्या परिशिष्टात नदीनाल्यांत सोडावयाच्या सांडपाण्याची जैवरासायनिक ऑक्सिजन-मागणी दर लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत, अशी सर्वसाधारण मर्यादा घातलेली आहे. मानकाने तिची पुनरुक्ती का करावी? मानकाचे काम संस्थेला लिहावयास लावण्याचे, आणि लिहिलेल्या शब्दाशी तिची कृती ताडून पाहण्याचे. अनुभवाचा कौलही सर्वस्वी प्रतिकूल नाही. मॅथ्यू पोटोस्की आणि असीम प्रकाश यांनी २००५ साली अमेरिकेतील कारखान्यांविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मानक स्वीकारणाऱ्यांनी कायद्याचे पालन अधिक चांगले केल्याचे दिसून आले. उलट ओलिव्हिए ब्वाराल यांनी २००७ साली कॅनडातील संस्थांच्या अभ्यासावरून असा प्रश्न उपस्थित केला, की हे मानक बऱ्याच अंशी विधीसारखे पाळले जाते की काय : कागद एकीकडे आणि नित्याचे काम दुसरीकडे. या दोन निष्कर्षांत वाटतो तितका विरोध नाही. संस्थेच्या आतल्या शिस्तीविषयीचा ग्रंथ, जेथे शिस्तीची इच्छा आहे तेथे उपयोगी पडतो. जेथे ती नाही, तेथे तो केवळ लेखनाचा सराव ठरतो.

शब्द आणि कृती यांच्यातील अंतराचे एक उदाहरण तारखांच्या योगायोगाने लक्षात राहण्यासारखे झाले आहे. मानकाच्या तिसऱ्या आवृत्तीवर १५ सप्टेंबर २०१५ ही तारीख आहे. तीनच दिवसांनी, १८ सप्टेंबरला, अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगन या जर्मन मोटार-कंपनीवर नियमभंगाची नोटीस बजावली. कंपनीच्या डिझेल मोटारींतील संगणक-प्रणाली चाचणी चालू असल्याचे ओळखे आणि तेवढ्यापुरते नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे उत्सर्जन मर्यादेत ठेवी. रस्त्यावर ते मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत जाई. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही प्रणाली असल्याचे कंपनीने पुढे मान्य केले. या कंपनीच्या अनेक कारखान्यांजवळ १४००१ची प्रमाणपत्रे होती. ती खोटी होती असे यावरून सिद्ध होत नाही, आणि नेमके तेच विचार करण्यासारखे आहे. प्रमाणपत्र ज्याविषयी बोलते ती व्याप्ती संस्था स्वतः आखते. मानक संघटना स्वतः प्रमाणपत्र देत नाही. ते देणाऱ्या निराळ्या संस्था आखलेल्या व्याप्तीच्या आत तपासतात. वाक्य खरे असू शकते, आणि त्या वाक्यावरून श्रोत्याने काढलेला अर्थ खोटा. अशा वाक्यांचा विचार भाषाशास्त्रात पुष्कळ झाला आहे. तो प्रयोगशाळेबाहेर कोठे लागू पडतो, याचे हे एक ठळक उदाहरण.

आकडे मागणारी स्वेच्छेची व्यवस्था अशक्य नाही, हे युरोपने दाखविले आहे. १९९३ साली युरोपीय समुदायाने नियमाद्वारे सुरू केलेल्या ‘ईमास’ या योजनेत भाग घेणे ऐच्छिकच, पण भाग घेणाऱ्याला पर्यावरणविषयक निवेदन स्वतंत्र तपासनिसाकडून पडताळून घेऊन जनतेपुढे ठेवावे लागते. २००९च्या नियमाने ऊर्जा, पाणी, कचरा, उत्सर्जन इत्यादींचे निर्देशांक त्यात द्यावयास लावले. भारतातही १९९२ साली कारखान्यांनी द्यावयाच्या वार्षिक नमुन्यात पाण्याचा वापर, कच्च्या मालाचा वापर, सोडलेल्या प्रदूषकांचे परिमाण आणि विहित मर्यादेपासूनचे शेकडा अंतर ही सारी माहिती मागितलेली होती. तो नमुना ऐच्छिक नव्हता, ही गोष्ट निराळी. त्याचे आरंभीचे नाव ‘पर्यावरण लेखापरीक्षण अहवाल’ असे होते. १९९३च्या दुरुस्तीने ते ‘पर्यावरण विवरण’ झाले. परीक्षणाला दुसरा कोणीतरी परीक्षक अभिप्रेत असतो, विवरण स्वतःचे स्वतःच देता येते. थोड्याच काळात घडलेला हा नामबदल मानकाच्या भाषेशी नाते सांगणारा आहे.

मराठीत या मानकाची परिभाषा अद्याप स्थिर झालेली नाही; म्हणून ती सुधारण्यास वाव आहे. ‘कंटिन्युअल’साठी ‘निरंतर’ न वापरता ‘टप्प्याटप्प्याने होणारी सुधारणा’ असे म्हणावे; ते कमी भारदस्त आहे, पण खरे आहे. ‘कन्सिडर’ला ‘विचार करणे’ आणि ‘टेक इन्टू अकाउंट’ला ‘हिशेबात धरणे’ ही घरचीच जोडी उपलब्ध आहे. विचार करून सोडून देता येते, हिशेबात धरलेले सोडता येत नाही, हे कोणत्याही मराठी माणसाला सांगावे लागत नाही. ‘आस्पेक्ट’साठी रूढ होऊ पाहणारा ‘पैलू’ हा शब्द मात्र टाळलेला बरा. पैलू हिऱ्याला पाडतात. धुराड्यातून निघणाऱ्या धुराला तो शब्द लावणे म्हणजे त्याला दागिन्यांच्या पेटीत ठेवणे होय. ‘अंग’ किंवा ‘बाजू’ पुरेशी आहे. ‘शॅल’साठी सर्वत्र ‘पाहिजे’ आणि ‘शुड’साठी ‘करणे इष्ट’ असे एकदा ठरवून घेतले, तर आज्ञा आणि सल्ला यांची सरमिसळ थांबेल.

फेब्रुवारी २०२४ मध्ये या मानकाला, व्यवस्थापनाच्या इतर अनेक मानकांबरोबर, हवामानबदलाविषयी एक छोटी दुरुस्ती जोडण्यात आली. तीत वाक्ये दोनच. पहिल्याचा आशय असा, की हवामानबदल हा आपल्या दृष्टीने प्रस्तुत प्रश्न आहे की नाही, हे संस्थेने निश्चित केले पाहिजे. दुसरे वाक्य टीपेच्या स्वरूपाचे आहे : संबंधित पक्षांच्या हवामानबदलाविषयी काही अपेक्षा असू शकतात. पहिल्यात ‘शॅल’ आहे, आणि त्याचे कर्म ‘की नाही’ हे आहे. दुसऱ्यात ‘कॅन’ आहे.